कलावंताचा दाखला
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

माझा व्यवसाय शिक्षिकेचा. गोव्यातील एका माध्यमिक शाळेत मी गेली वीस वर्षे मराठी शिकवते. समास, वृत्ते, निबंध आणि भाषांतर एवढेच माझे राज्य. आज मात्र मला एका परक्या देशाच्या कायद्याविषयी आणि त्या कायद्याच्या तराजूत बसलेल्या एका कलेविषयी बोलावयाचे आहे. हे दोन्ही विषय माझे नव्हेत. पण एका भाषांतराच्या निमित्ताने ते माझ्या घरी चालून आले आणि सहा महिने मुक्कामाला राहिले.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी छत्री झटकीत दारात उभा राहिला. त्याच्या हाती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक जाडजूड पिशवी होती. हा मुलगा शाळेत असताना अभ्यासात बेताचाच; परंतु स्नेहसंमेलनात पेटीवर त्याची बोटे फिरू लागली की मागच्या बाकावरची टवाळ मुलेसुद्धा गप्प बसत. पुढे तो गुरूंकडे राहून शिकला आणि आज गोवा, बेळगाव, पुणे, मुंबई येथील मैफलींत मोठमोठ्या गायकांना संवादिनीची साथ करतो.

पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणे होती. तो म्हणाला, “टीचर, ह्या सगळ्याचं इंग्रजी करून हवं आहे. अमेरिकेतल्या एका संगीतशाळेनं मला तीन वर्षांसाठी शिकवायला बोलावलं आहे. पण मी असामान्य कलावंत आहे हे आधी तिथल्या सरकारला पटवून द्यावं लागतं.”

मी सहज म्हटले, “मग पेटी घेऊन जा आणि वाजवून दाखव.”

तो हसला. “टीचर, तिथं पेटी कोणी ऐकत नाही. कागद वाचतात.”

श्रोतेहो, त्याचे हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत राहिले.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. परदेशी मजुरांना करार करून आणू नये असा निर्बंध अमेरिकेने १८८५ साली घातला, तेव्हाच त्यातून व्यावसायिक नट, कलावंत, व्याख्याते आणि गायक यांना वगळले होते. म्हणजे कलावंत हा निराळा प्राणी आहे ही जाणीव त्या कायद्याला आरंभापासून होती. पुढे १९९० साली तेथे स्थलांतराचा नवा कायदा झाला आणि त्यातून ‘ओ-१’ नावाचा परवाना जन्मास आला. असामान्य योग्यतेच्या माणसांना ठरावीक मुदतीसाठी येऊन काम करता यावे, हा त्याचा हेतू. कलावंतांच्या बाबतीत ह्या असामान्यतेचा अर्थ नियमांत दिला आहे. सर्वसाधारणपणे आढळते त्याहून पुष्कळ वरच्या दर्जाचे कौशल्य आणि मान्यता असावी. इतकी की त्या क्षेत्रात हा मनुष्य नामांकित किंवा अग्रगण्य म्हणून ओळखला जावा.

ह्या परवान्यासाठी कलावंताला स्वतः अर्ज करता येत नाही. तेथील संस्थेने किंवा प्रतिनिधीने करावयाचा असतो. अर्जासोबत त्या क्षेत्रातील संघटनेचे लेखी मत जोडावे लागते. ऑस्कर किंवा ग्रॅमी यांसारखा पुरस्कार मिळालेला असेल अथवा त्यासाठी नामांकन झालेले असेल, तर प्रश्न तेथेच मिटतो. नसेल तर सहा प्रकारच्या पुराव्यांपैकी किमान तीन द्यावे लागतात: नावाजलेल्या कार्यक्रमांत प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतून झालेली समीक्षा व प्रसिद्धी, ख्यातनाम संस्थांच्या कार्यात प्रमुख किंवा कळीची भूमिका, व्यावसायिक अथवा समीक्षकांनी वाखाणलेले यश, जाणकारांनी आणि संस्थांनी दिलेली मान्यता, आणि इतरांहून अधिक मानधन. कायमचे वास्तव्य मागणाऱ्यांसाठी निराळा आणि अधिक कडक मार्ग आहे. तेथे दहा कसोट्या आहेत, त्यांपैकी तीन पार कराव्या लागतात. आणि त्या पार केल्यावरही आपण त्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या थोड्या लोकांपैकी आहोत हे एकूण पुराव्यातून पटवावे लागते. त्या मार्गाने मात्र कलावंत स्वतःचा अर्ज स्वतः करू शकतो.

आता माझ्या विद्यार्थ्याची अडचण पाहा. साठाच्या वर कात्रणे होती. मी एकेक वाचू लागले. बहुतेकांत गायकाच्या गळ्याचे दोन-तीन परिच्छेद कौतुक, कोणता राग गाइला, बंदिश कोणती, श्रोत्यांनी दाद कशी दिली, आणि अगदी शेवटी एक ओळ: “त्यांना तबल्यावर अमुक यांनी व संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली.” मग आभारप्रदर्शन. कोठे नाव चुकलेले, कोठे आडनावच नाही, कोठे नुसतेच “साथसंगतही रंगतदार झाली.” कित्येक कात्रणांवर तारीख नव्हती, कात्री चालविताना ती वरच्या कोपऱ्याबरोबर केराच्या टोपलीत गेली होती.

‘समर्पक साथ’! हे दोन शब्द त्या रात्री मी किती वेळा लिहिले असतील! समर्पक म्हणजे जेथे जे हवे तेथे तेवढेच. कमी नाही, अधिक नाही. साथीदाराचा ह्याहून मोठा गौरव मराठीत नसेल. पण इंग्रजीत तो शब्द नेला की त्याचा जीवच जातो. ‘योग्य’, ‘सोयीस्कर’ असा काहीतरी फिका अर्थ कागदावर उमटतो. आणि आम्हाला तर ‘असामान्य’ सिद्ध करावयाचे होते!

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला मसुदा दाखविला. त्याचा चेहरा उतरला. जरा वेळाने खाली मान घालून तो म्हणाला, “टीचर, ‘समर्पक’च्या जागी ‘ब्रिलियंट’ लिहिलं तर? तिथं मराठी कोण वाचणार आहे?”

मी उत्तर दिले नाही. तेव्हा त्याने दुसरे कात्रण पुढे सरकविले. त्या साऱ्या पिशवीत त्याच्या एकट्यावर लिहिलेला लेख तेवढाच एक होता. एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर त्याची मुलाखत आली होती, छायाचित्रासह. आणि तिच्या अखेरीस त्याचे स्वतःचे वाक्य होते: “मला अजून पेटी येत नाही. गुरूंच्या पायाशी बसून थोडेफार शिकलो, एवढेच.”

“हे शेवटचं वाक्य तेवढं गाळू या,” तो म्हणाला.

श्रोतेहो, हसू नका. आपल्याकडे आत्मस्तुती हा दोष मानतात. गाणारा कितीही मोठा असो, मैफलीत गुरूचे नाव घेताना त्याचा हात कानाच्या पाळीला जातो. ‘मला काही येत नाही’ असे म्हणणे ही आपल्या संगीतातली रीत आहे. ते अज्ञान नव्हे, ती नम्रता आहे. पण ती नम्रता इंग्रजीत उतरवून सरकारी मेजावर ठेवली की ती कबुलीजबाब होते!

मोह मलाही झाला, हे कबूल करते. मुलगा गुणी. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक. वडील गेलेले, आईचे औषधपाणी, धाकट्या बहिणीचे शिक्षण. आणि मैफलीचे मानधन हाती पडेपर्यंत पुढची मैफल आलेली असते. एका शब्दाने त्याचे आयुष्य फिरणार असेल, तर तो शब्द लिहावयास काय हरकत आहे?

पण भाषांतराखाली एक प्रतिज्ञा लिहावी लागते. परक्या भाषेतील प्रत्येक कागदाचे संपूर्ण भाषांतर हवे, आणि ते पूर्ण व अचूक आहे व आपण ते करावयास पात्र आहोत असे भाषांतरकाराने लिहून द्यावे, असा तेथील नियम आहे. ‘पूर्ण’ आणि ‘अचूक’: दोनच शब्द. ह्यातला पहिला मला मुलाखतीचे शेवटचे वाक्य गाळू देत नव्हता आणि दुसरा ‘समर्पक’चे ‘ब्रिलियंट’ करू देत नव्हता. वीस वर्षे मी मुलांना शिकवीत आले की मूळ लेखकाच्या तोंडी त्याने न म्हटलेला शब्द घालणे म्हणजे भाषांतर नव्हे. आता त्याच मुलांपैकी एकासाठी मी सही करून नेमके तेच करावयाचे काय?

मी त्याला नाही म्हटले. तो काही बोलला नाही, पण जिन्यावरून उतरताना म्हणाला, “टीचर, तुमच्या सहीची किंमत माझ्या तीन वर्षांहून जास्त आहे, असं दिसतं.” हे शब्द मला लागले. मी त्या रात्री झोपले नाही.

जागेपणी मनात विचार आला की कलेला दाखला मागणारी ही काही पहिली कचेरी नव्हे. १९२६ साली ब्रांकुशी या शिल्पकाराचे एक कांस्यशिल्प न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. नाव ‘अवकाशातील पक्षी’. पण त्याला ना पंख, ना चोच. गुळगुळीत, निमुळता, वर झेपावणारा नुसता एक आकार. कलाकृतींवर जकात नव्हती. परंतु जकात अधिकाऱ्यांना ती कलाकृती वाटेना. त्यांनी तिची गणना स्वयंपाकघरातील भांडी आणि इस्पितळातील साहित्य यांच्या वर्गात केली व शेकडा ४० जकात बसविली. प्रकरण न्यायालयात गेले. स्टायकेन, एप्स्टाइन यांसारख्या कलावंतांनी साक्षी दिल्या. अखेर १९२८ साली न्यायालयाने मान्य केले की निसर्गाची हुबेहूब नक्कल नसली तरी ही कलाकृतीच आहे. म्हणजे कायदा शिकू शकतो. मात्र त्याला शिकविण्यासाठी कोणीतरी उभे राहून खरे सांगावे लागते.

पण परक्यांकडे कशाला जावे? ज्या आकाशवाणीवरून मी आज बोलत आहे, तिनेच १९४० साली संवादिनीवर बंदी घातली होती. ह्या वाद्याचे सूर ठोकळेबाज, त्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, सबब ते हिंदुस्थानी संगीताला अयोग्य, असा तो निर्णय. १९७१ साली ती बंदी सैल झाली. ह्या मधल्या तीन दशकांत पेटीवाले वाजवीत राहिले, मंदिरांत, नाट्यगृहांत, वास्कोच्या श्रीदामोदर सप्ताहात, घरोघरच्या भजनांत. आणि आमच्या बोरीचे सुपुत्र तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, पद्मश्री मिळाली, ती ह्याच वाद्याच्या सेवेबद्दल. कागदाने नाकारलेले कानांनी टिकवून धरले होते.

तर मग कागदाचा धिक्कार करून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. दाखला मागणाऱ्याचीही एक बाजू आहे. दूरच्या कचेरीत बसलेल्या त्या अधिकाऱ्यापुढे एका दिवसात कोणा नर्तकीचा, कोणा चित्रकाराचा, कोणा पाककुशलाचा अर्ज येत असेल; कारण त्या नियमांत पाककलाही कलाच मानली आहे. त्याने भैरवी ऐकलेली नसेल, कदाचित पेटी पाहिलेलीही नसेल. त्याने स्वतःच्या आवडीनिवडीवर निर्णय द्यावा, हे आपल्याला तरी चालेल काय? म्हणूनच तो विचारतो, की तुमच्या क्षेत्रातील जाणकार तुमच्याविषयी काय म्हणतात ते दाखवा. त्यातही त्याला खुनाच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा नको असतो. सांगितलेली गोष्ट खोटी असण्यापेक्षा खरी असण्याचा संभव अधिक आहे एवढे पटले तरी पुरते. जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला मात्र त्या देशाचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

जॉन लेनन हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जगभर ज्याची गाणी वाजत होती, त्या गायकालाही १९७२ साली, आपण कलेच्या क्षेत्रात असाधारण योग्यतेचे आहोत असा अर्ज त्या सरकारकडे करावा लागला. तो अर्ज कचेरीत नुसता पडून राहिला. त्याचे वकील न्यायालयात गेले, तेव्हा तो हलला आणि मंजूर झाला. दरम्यान त्याला देशाबाहेर घालविण्याची कारवाई चालूच होती. लेनर्ड बर्नस्टाइनसारख्या संगीतकारांनी त्याच्यासाठी पत्रे लिहिली. १९७५ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि १९७६ च्या जुलैत त्याला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. कीर्ती एवढी मोठी. तरी कागद चुकला नाही. मग आमच्या पेटीवाल्याने कागदाला भिऊन कसे चालेल?

सकाळी मी त्याला बोलावून घेतले. म्हटले, “खोटा शब्द मी लिहिणार नाही. पण खरे शब्द आपण पुरेसे गोळा केले आहेत काय?”

नंतरचे दोन महिने आम्ही ह्याच कामात घालविले. त्याने ग्रंथालयांतून जुने अंक काढून तारीख नसलेल्या कात्रणांच्या तारखा शोधल्या. कला अकादमीच्या समारोहांच्या छापील कार्यक्रमपत्रिका मिळविल्या. त्यांवर त्याचे पूर्ण नाव होते. संस्थांशी झालेला पत्रव्यवहार, मानधनाच्या पावत्या, ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, आकाशवाणीने दिलेल्या श्रेणीचे पत्र, सारे काही क्रमाने लावले. श्रेणी ठरविण्याची आपल्या आकाशवाणीची पद्धत केसकर मंत्री असताना, १९५२ साली सुरू झाली. तिच्याविषयी कलावंतांची गाऱ्हाणी पुष्कळ असतील. पण परक्या अधिकाऱ्याला समजेल असे ते एक मोजमाप आहे, हे खरे.

ह्याच सुमारास दोन सोप्या वाटा त्याच्यापुढे आल्या. एका परिचिताने सांगितले की अमुक रक्कम भरल्यास एक ‘राष्ट्रीय’ पुरस्कार घरपोच मिळतो. त्याने तो नाकारला, आणि मला मनातून बरे वाटले. दुसरी वाट प्रामाणिक होती. मुख्य कलावंताला ओ-१ मिळाला की त्याच्या अत्यावश्यक सहकाऱ्यांना ओ-२ नावाचा परवाना मिळतो. एक गायक त्याला तसे न्यावयास तयार होते. पण ओ-२ ची दोरी मुख्य कलावंताच्या परवान्याला बांधलेली असते. स्वतंत्रपणे शिकविण्याचे काम त्यावर करता येत नाही. तो म्हणाला, “टीचर, जन्मभर मी दुसऱ्याच्या डाव्या बाजूला बसलो. त्याचं दुःख नाही. पण शिकवायला जातो आहे तो माझ्या नावानं जावा, एवढंच वाटतं.”

आता उरला प्रश्न ‘समर्पक’चा. तो आम्ही शब्द न बदलता सोडविला. तीन ज्येष्ठ गायकांना आणि एका संगीतसमीक्षकांना त्याने पत्रे मागितली. मी त्यांना एवढीच विनंती केली की स्तुती नको, हकीकत लिहा. कारण पत्र देणाराचा अधिकार काय आणि कलावंताचे कार्य त्याला प्रत्यक्ष किती ठाऊक आहे, हे पत्रात स्पष्ट दिसावे अशी नियमाचीच अपेक्षा आहे. नुसत्या विशेषणांना तेथे वजन नाही. एका गायकांनी लिहिले की ख्यालाच्या विस्तारात मी श्वास घेतो तेव्हा स्वराची ज्योत हा मुलगा सांभाळतो. तो नसता तर अमुक मैफलीत अमुक राग मी मांडलाच नसता. समीक्षकांनी मराठी संगीतसमीक्षेत ‘समर्पक’ या शब्दाचे मोल काय, आणि ‘मला काही येत नाही’ ही हिंदुस्थानी संगीतातील शिष्याची रीत कशी, हे दोन परिच्छेदांत समजावून दिले. मुलाखतीचे ते वाक्य माझ्या भाषांतरात जसेच्या तसे राहिले. ‘समर्पक’लाही मी त्याचा साधा, नेमका इंग्रजी शब्द दिला. मैफलीच्या मध्यंतरातील चहापानाचेही भाषांतर केले. संपूर्ण म्हणजे संपूर्ण!

अर्ज गेला. काही आठवड्यांनी अधिक पुरावा मागणारे पत्र आले: साथीदाराची भूमिका कळीची कशी, हे स्पष्ट करावे. प्रश्न रास्त होता. नियमांत ‘कला’ या शब्दाखाली केवळ मुख्य कलावंत येत नाहीत. नेपथ्यकार, प्रकाशयोजक, वृंदनायक, नृत्यरचनाकार, एवढेच काय, रंगमंचावरील प्राण्यांना शिकविणारेसुद्धा येतात. मग पेटीवाला का येऊ नये? संगीतशाळेच्या वकिलांनी हे मांडले, गायकांची आणखी दोन पत्रे जोडली. आणि अर्ज मंजूर झाला. मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतही पार पडली.

श्रोतेहो, शेवट गोड झाला म्हणून हा कायदा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्यातील एक शब्द मला सतत खुपतो. कायम वास्तव्याच्या मार्गात कीर्ती ‘सातत्याने टिकलेली’ असावी अशी अट आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व ऐन तारुण्यात क्षयाने आजारी पडून देवासला काही वर्षे न गाता पडून होते. त्या मुक्या वर्षांची ना कात्रणे, ना पत्रिका. पण माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांत उतरली ती त्याच काळात, आणि पुढचे कुमार गंधर्व त्या मौनातून उभे राहिले. कलेचे काही ऋतू असे असतात की त्यांचा पुरावा नंतरच मिळतो. हे कोणत्या रकान्यात लिहावे?

पण ह्याच कायद्याखाली २०१२ साली झालेला एक निर्णय मला दिलासा देतो. अर्जेंटिनातील एक वाद्यवृंद यहुदी संगीताची आपल्या दक्षिण अमेरिकी संगीताशी सांगड घालून वाजवीत असे. सांस्कृतिक वैशिष्ट्य जपणाऱ्या कलावंतांसाठी ‘पी-३’ नावाचा परवाना आहे. त्यासाठी लॉस एंजेलिसच्या एका सांस्कृतिक केंद्राने अर्ज केला. संगीत मिश्र आहे, सबब ते कोणत्याच एका संस्कृतीचे नव्हे, म्हणून अर्ज फेटाळला गेला. फेरतपासणीत निर्णय फिरला: दोन परंपरांच्या मिलाफातून उपजलेली कलाही एखाद्या समाजाची स्वतःची असू शकते. गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. परदेशातून आलेली पेटी आपण भजनाला बसविली, आणि आज ती परकी आहे असे कोणी म्हणत नाही.

आता शेवटी आपल्या घरातली एक गोष्ट. माझ्या विद्यार्थ्याची अर्धी अडचण परक्या कायद्याने केलेली नव्हती. ती आपण केलेली होती. आपणच त्याचे नाव छापले नव्हते. आमच्या केरीच्या केसरबाईंचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, ह्याचा आपल्याला केवढा अभिमान! पण त्यांच्याबरोबर साथ कोणाची होती, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले? लहानपणी मी गावच्या चर्चच्या गायनवृंदात गात असे. ऑर्गन वाजविणारे मेस्त्री आमच्या पाठीशी, अंधाऱ्या माळ्यावर बसत. त्यांचे पूर्ण नाव मला त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

म्हणून उत्सवमंडळांच्या चालकांना, संस्थांच्या चिटणिसांना, आणि गावोगावच्या वार्ताहरांना माझी हात जोडून विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तिथीबरोबर सालही छापा. साथीदाराचे नाव पूर्ण आणि बिनचूक लिहा. ‘समर्पक साथ केली’ एवढ्यावर थांबू नका. काय केले ते आणखी एका ओळीत सांगा. कलावंतांनो, कात्रण कापताना तारखेचा कोपरा केरात टाकू नका. हा अहंकार नव्हे. ही आपल्या कामाची नोंद आहे. आणि ती नोंद खरी असू द्या, कारण खोट्या विशेषणांची बाजारात एवढी गर्दी झाली की खऱ्याला उभे राहावयास जागा उरत नाही.

निघण्यापूर्वी तो पेढे घेऊन आला. जिन्यावर बोललेल्या शब्दांची आठवण त्यालाही होती; पण आम्ही दोघांनीही ती काढली नाही. अर्जाची एक प्रत त्याने माझ्यासाठी आणली होती. साऱ्या भाषांतरांच्या तळाशी माझे नाव, सही आणि तारीख होती. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “टीचर, बघा, तुमचं नाव पूर्ण छापलं आहे. साथ समर्पक झाली.”

मला मिळालेल्या दाखल्यांत हा मी सर्वांत वर ठेवला आहे.